ब्रह्मपुरीचा पोसायडन आणि नांगराखालचें शिसें

आमच्या गांवच्या एका शेतकऱ्यानें उसाच्या लागणीपूर्वीं रान नांगरलें, तेव्हां तासांत एक फुटकें गाडगें वर आलें. त्यांत ओंजळभर काळपट, जड, वाटोळ्या चकत्या होत्या. सोनें नव्हे, चांदी नव्हे, तेव्हां त्यानें त्या पोरांच्या हवालीं केल्या. पोरांनीं दगडानें ठेचून पाहिल्या, शिसें निघालें. नदीवर मासे धरणाऱ्या एका गड्यानें तें शिसें वितळवून आपल्या जाळ्याला लावण्याच्या गोळ्या केल्या. मला ही हकीगत कळली तोंवर दोनच चकत्या उरल्या होत्या. एक अगदीं झिजलेली होती. दुसरीवर दोरी ताणलेलें धनुष्य आणि त्यावर लावलेला बाण स्वच्छ दिसत होता.

वाचकहो, मी अध्यापक विद्यालयांत मराठींतूनच शिकलेला खेड्यांतला मास्तर आहें; संशोधक नव्हें. परंतु तें धनुष्य मीं ओळखलें. सुमारें अठराशें ते एकोणीसशें वर्षांपूर्वीं कोल्हापूरच्या मुलखावर जे राजे राज्य करीत होते, त्यांच्या नाण्यांवरची ती खूण आहे. 1877 सालीं खुद्द ब्रह्मपुरीच्या टेकडीवर अशा नाण्यांचा मोठा सांठा सांपडला होता. त्या राजांचीं नांवें कोणत्याही पुराणांत नाहींत. तीं केवळ या शिशाच्या आणि मिश्र धातूच्या तुकड्यांवर आहेत. वासिठीपुत विळिवायकुर, माढरिपुत सिवलकुर आणि गोतमिपुत विळिवायकुर असे ते तीन राजे. तिघांच्याही नांवामागें आईचें नांव लागलें आहे आणि भाषा प्राकृत, म्हणजे लोकांच्या तोंडची आहे. यांत आधींचा कोण आणि नंतरचा कोण हें कोणत्या बखरींत पाहावें? बखर नाहींच. पण सिवलकुरानें पहिल्या विळिवायकुराच्या नाण्यावर आपला छाप पुन्हा मारला, आणि गोतमिपुतानें त्या दोघांच्याही नाण्यांवर मारला. वरचा छाप नंतरचा, हें सांगायला पंडित लागत नाहीं. पंडित भगवानलाल इंद्रजींनीं एवढ्यावरून तीन राजांचा क्रम लाविला. आमच्या गांवच्या जाळ्याला ज्या गोळ्या लागल्या, त्यांत असा एखादा छाप होता कीं नव्हता, हें आतां पंचगंगेलाच ठाऊक.

आतां या शिशाचा ग्रीक-रोमन लोकांशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध आहे. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरीं टॉलेमी नांवाचा एक भूगोलवेत्ता दुसऱ्या शतकाच्या मध्यावर ग्रीक भाषेंत पृथ्वीचें वर्णन लिहीत होता. त्यानें आपल्या या मुलखांतली एक राजधानी सांगतांना तेथें ‘बालेओकूरोस’ राजा आहे असें नोंदविलें. हा आपल्या विळिवायकुराच्याच नांवाचा ग्रीक तोंडांत झालेला उच्चार, असें बहुतेक संशोधक धरतात. आपल्या पोथ्यांनीं ज्या राजाची आठवण ठेवली नाहीं, त्याची आठवण समुद्रापलीकडच्या परक्या माणसानें ठेवली!

आणि ब्रह्मपुरीची गोष्ट याहून मोठी आहे. 1944-45 च्या सुमारास राजाराम कॉलेजचे प्राध्यापक कुंदनगार यांच्या देखरेखीखालीं त्या टेकडीवर जें खोदकाम झालें, त्यांत तांब्यापितळेच्या व कांशाच्या वस्तूंचा एक सांठा निघाला. सुमारें शंभर वस्तू होत्या. बहुतेक येथल्याच घडणीच्या: भांडीं, लहानसहान वस्तू, पाठीवर माणसें बसलेला एक सुंदर हत्ती. पण त्यांच्यांत मिसळलेल्या दहाएक वस्तू येथल्या नव्हत्या. इटलींत घडविलेले चंबू होते, आरसा होता, पर्सियस आणि अँड्रोमेडा यांच्या ग्रीक कथेचें उठावाचें चित्र असलेली एक वाटोळी चकती होती, आणि वीतभरही उंच नसलेली पोसायडनची उभी मूर्ति होती. पोसायडन म्हणजे ग्रीकांचा समुद्राचा देव. वर्गांत मीं त्याचें चित्र दाखविलें तेव्हां एका मुलीनें त्याला लगेच वरुण म्हणून टाकलें, आणि मला तिची चूक दुरुस्त करावीशी वाटली नाहीं. पुढें 1945-46 सालीं डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनीं तेथें शास्त्रीय पद्धतीनें उत्खनन केलें आणि सातवाहनकाळच्या विटांच्या घरांची वसाहत उजेडांत आणली. त्यांचा अहवाल 1952 सालीं प्रसिद्ध झाला. त्या धातूच्या वस्तूंवर कार्ल खंडालावाला यांनीं 1960 सालीं, आणि अमेरिकेंतले विद्वान डी प्यूमा यांनीं 1991 सालीं निबंध लिहिले. हें सर्व इंग्रजींत आहे. ज्या गांवच्या मातींतून तो देव निघाला, त्या गांवच्या मुलाला समजेल अशा मराठींत त्यावर एखादें चार आण्यांचें पुस्तक असतें तर मला हा लेख लिहावा लागला नसता.

त्याच 1945 सालीं दक्षिणेंत पांदेचेरीजवळ अरिकमेडू येथें व्हीलरसाहेबांनीं खोदकाम केलें. तेथें इटलीचीं लाल झिलईचीं खापरें व दारूचे रांजण निघाले, आणि अरिकमेडू जगभर गाजलें. त्या वेळची समजूत अशी कीं, रोमन व्यापारी आले आणि त्यांनीं एका कोळीवाड्याचें बंदर करून दिलें. पुढें 1989 ते 1992 च्या दरम्यान विमला बेगले यांनीं तेथें पुन्हा खोदलें तेव्हां दिसून आलें कीं वस्ती रोमन माल येण्याच्या आधींपासून होती आणि तो माल बंद झाल्यावरही चालूच होती. म्हणजे बंदर येथल्या लोकांनीं चालविलें होतें. परका गिऱ्हाईक म्हणून आला. शहाणपण नेहमीं दुसरा कोणी तरी आणून देतो आणि कष्टकऱ्यानें तें हात जोडून घ्यायचें, ही समजूत साहेबाची होती तशी आपल्याकडील पोथीवाल्यांचीही होती. ती खापरांच्या तुकड्यांनीं खोटी ठरविली, याचा मला फार आनंद वाटतो.

माल केवळ इकडे आला असेंही नाहीं. इटलींतलें पाँपेई शहर इ. स. 79 मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालें. 1938 सालीं तेथल्या एका घरांत हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ति सांपडली. प्रथम तिला लक्ष्मी म्हटलें गेलें, आतां बहुतेकजण यक्षी म्हणतात. तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ति कोठें मिळाव्या? धाराशिव जिल्ह्यांतल्या तेर येथें, आणि जालना जिल्ह्यांतल्या भोकरदन येथें! तेर म्हणजे ग्रीक खलाशाच्या पुस्तकांतलें तगर. पहिल्या शतकाच्या मध्यावर लिहिलेल्या त्या ‘पेरिप्लस’ नांवाच्या प्रवासवहींत स्पष्ट लिहिलें आहे कीं, पैठणाहून अकीक दगड आणि तगराहून सुती कापड गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या मुलखांतून भडोचला नेतात. बदल्यांत काय येई तेंही त्यांत आहे: इटलीची दारू, तांबें, कथील, शिसें, पोवळें, कांच, आणि राजासाठीं चांदीचीं भांडीं व गाणारीं मुलें. रोमचा लेखक प्लिनी तक्रार करतो कीं हिंदुस्थान दरसाल पांच कोटि सेस्टर्स ओढून नेतो. तो आंकडा त्यानें कसा काढला कोण जाणे. श्रीमंतांच्या बायकांच्या खर्चावर चिडलेला म्हातारा होता. पण ज्या कापडासाठीं रोम रडत होतें, तें विणणारा साळी-कोष्टी आमच्याच मुलखांतला होता, आणि त्याचें नांव प्लिनीला ठाऊक नव्हतें तसें आम्हांलाही नाहीं.

अलीकडचें संशोधन तर अधिकच चमत्कारिक आहे. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावर बेरेनिके नांवाचें उजाड बंदर आहे. तेथें 1994 पासून खोदकाम चालत आलें आहे. आपल्याकडच्या मातीच्या एका रांजणांत साडेसात किलो काळी मिरी तेथें सांपडली. हिंदुस्थानचें सागवानी लांकूड आणि सुती कापड सांपडलें. आणि 2022 च्या खोदकामांत संगमरवरी बुद्धमूर्ति, फिलिप नांवाच्या रोमन बादशहाच्या कारकीर्दींतला संस्कृत लेख आणि सातवाहनांचीं दोन नाणीं मिळालीं. म्हणजे आपल्याकडचें कोणी तरी तेथें राहत होतें व तेथें देव मांडून पूजाही करीत होतें.

आणि हें चाललें होतें त्या काळांत शास्त्र काय सांगत होतें? बौधायनानें समुद्रावरून जाणें हें जात गमावण्याच्या पापांत पहिलें घातलें. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत श्राद्धाला कोण नको त्याची यादी आहे; तींत घर जाळणारा, विष घालणारा, यांच्याच ओळींत समुद्रावरून जाणारा बसविला आहे, आणि त्याच्या शेजारीं तेली! तेल्यानें काय अपराध केला होता? आतां त्याच सुमारचा दगडावरचा पुरावा पाहा. नाशिकच्या लेण्यांत तिसऱ्या शतकांतला एक लेख आहे. विष्णुदत्ता नांवाच्या शक स्त्रीनें आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठीं कायमची ठेव ठेवली. कोणाकडे? कुंभारांच्या श्रेणीकडे, पाण्याचीं यंत्रें करणाऱ्यांकडे आणि तेल्यांच्या श्रेणीकडे. त्याआधीं उषवदातानें गोवर्धनच्या कोष्ट्यांकडे दोन हजार कार्षापण दरमहा शेंकडा एक टक्का व्याजानें आणि एक हजार पाऊण टक्क्यानें ठेवले होते. पोथींत ज्याचा विटाळ, बाजारांत त्याच्याकडे धर्मादायाची ठेव! कोणाचा शब्द खरा धरावा, हें ज्याचें त्यानें ठरवावें. मी तरी व्याजाच्या दराचा धरतों.

कार्ल्याच्या लेण्यांत हेंच दिसतें. तेथले खांब एका राजानें उभारले नाहींत. एक खांब एकाचा, दुसरा दुसऱ्याचा. दरवाजा धेनुकाकटच्या सामि नांवाच्या सुताराचा आहे, एक देणगी गंध विकणाऱ्याची आहे, आणि अनेक खांबांवर ‘यवन’ म्हणून लिहिलें आहे. हे यवन म्हणजे ग्रीक किंवा त्या बाजूचे पश्चिमेचे लोक. पुढें पोथ्या-बखरींनीं तो शब्द मुसलमानांना लाविला तो अर्थ येथें नाहीं. त्यांचीं नांवें सिहधय, यसवधन अशीं येथल्याच बोलींतलीं झालीं आहेत. जुन्नरास इरिल नांवाच्या यवनानें पाण्याचीं टांकीं खोदविलीं. मनु यवनांना क्रिया सोडल्यामुळें शूद्रत्वाला पोंचलेले म्हणतो. कार्ल्याच्या भिंतीनें त्यांना सुताराच्या शेजारीं जागा दिली, आणि सुताराला त्यांच्या शेजारीं.

येथें एक गोष्ट न लपवितां सांगितली पाहिजे. त्या काळचे सर्व राजे असे उदार होते असें समजूं नये. गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईनें नाशिकास कोरविलेल्या लेखांत, त्यानें चारी वर्णांचा संकर थांबविला अशी त्याची स्तुति केली आहे. राजाची बढाई एक आणि बाजारचा व्यवहार दुसरा, दोन्ही त्याच दगडांत कोरलेलीं आहेत. आणि आपल्यांतल्या कांहीं उत्साही मंडळींनाही माझें सांगणें आहे. हल्लीं मोबाईलवर असे लेख फिरतात कीं रोम आपल्याच लोकांनीं वसविलें, ग्रीक भाषा प्राकृतांतून निघाली वगैरे. हा पोथीचाच धंदा, केवळ दुकान दुसऱ्याचें. ज्याला पुरावा नाहीं तें आपल्या बाजूचें असलें तरी खोटेंच. ब्रह्मपुरींत जें खरें सांपडलें तेवढेंच आपल्याला पुष्कळ आहे.

त्या पोसायडनाबद्दल मला एक विचार नेहमीं येतो. ज्या घरांत तो होता, त्या घरच्या माणसाला तो देव वाटत होता, कीं शोभेची वस्तू, कीं मोडींत घालून घागर करण्याजोगें तांबें? ग्रीक खलाशी सांगतो कीं तांबें आणि कथील आपल्याकडे बाहेरून येत असे. म्हणजे धातूला किंमत होती. तो हत्ती, तीं भांडीं, ते चंबू आणि तो देव एकाच सांठ्यांत होते. मला तरी वाटतें, एखाद्या तांबटाच्या किंवा व्यापाऱ्याच्या हातीं तो असावा, आणि मोडींत घालायला त्याचा जीव झाला नसावा. त्या माणसानें त्याला वितळविलें नाहीं म्हणून आज तो आहे. आमच्या गांवच्या जाळेवाल्याला मात्र कोणी सांगितलें नव्हतें.

कां सांगितलें नाहीं? येथें मी मुद्द्यावर येतों. जमिनींत सांपडलेल्या ठेव्याबद्दल इंग्रजांनीं 1878 सालीं केलेला कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा सांपडला तर कलेक्टरला कळवावें लागतें. न कळविलें तर शिक्षा आहे. मालक कोणी न निघाला तर सांपडविणाऱ्याचा तीन चतुर्थांश आणि जमिनीच्या मालकाचा एक चतुर्थांश, असा वांटा त्यांत आहे. ही अर्धी बाजू आमच्या शेतकऱ्याला कधीं कोणी समजावून दिली नाहीं. त्याला केवळ बेडी ठाऊक आहे. आणि सरकारनें तो ठेवा स्वतः घ्यायचें ठरविलें तर किंमत कशी द्यायची? त्यांतल्या धातूची किंमत, आणि वर तिचा पांचवा हिस्सा. सोन्याला हें ठीक. पण विळिवायकुराच्या शिशाच्या नाण्याला काय मिळणार? भंगारवाल्याच्या तराजूइतकें, आणि वर एक पंचमांश! मग तो भंगारवाल्याकडेच जातो. निदान तेथें साक्षीजबाब नाहींत.

विलायतेंत काय करतात तें पाहण्यासारखें आहे, कारण तेथेंही जमिनीखालीं रोमन लोकच आहेत. 1996 सालीं त्यांनीं नवा कायदा केला. सांपडविणाऱ्याला बाजारभावाप्रमाणें बक्षीस मिळतें. पुढच्या सालापासून गांवोगांवचे लोक आपल्याला मिळालेली लहानसहान वस्तूही नोंदवूं लागले, आणि त्या नोंदी आतां दहा लाखांच्या पुढें गेल्या आहेत. 2010 सालीं फ्रोम गांवाजवळ एका रुग्णालयाच्या आचाऱ्याला शेतांत एक रांजण लागला. त्यानें तो एकट्यानें उपसला नाहीं. वरचीं थोडीं नाणीं हातीं लागतांच हात आवरला आणि संशोधकांना बोलाविलें. आंत 52,503 रोमन नाणीं निघालीं. तीन लाख वीस हजार पौंडांहून अधिक किंमत ठरली व ती त्याला आणि जमिनीच्या मालकाला वांटून मिळाली. नाणीं कोणत्या थरांत होतीं, कोणतीं आधीं टाकलीं, हेंही त्यामुळें समजलें. आचारी होता तो! आमच्याकडे आचाऱ्याला, नांगऱ्याला इतिहासांत जागा आहे ती मजूर म्हणून.

आमच्याकडे असा माणूस झाला नाहीं असें मात्र नाहीं. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे पहा. ते पदवीधर संशोधक नव्हते. गांवच्या लोकांच्या हातांत पडलेलें खापर, मणी, मूर्ति त्यांनीं वर्षानुवर्षें गोळा केली, आणि आज तेरचें सरकारी वस्तुसंग्रहालय त्यांच्या नांवानें आहे. तो संग्रह नसता तर पाँपेईच्या त्या हस्तिदंती बाईला माहेर सांपडलें नसतें.

म्हणून माझें म्हणणें इतकेंच आहे. 1878 चा दर बदलावा: धातूची नव्हे, वस्तूची किंमत द्यावी आणि संग्रहालयांतल्या चिठ्ठीवर सांपडविणाऱ्याचें नांव त्याच्या परवानगीनें लिहावें. शाळेच्या पुस्तकांत सीझरचा धडा खुशाल असूं द्या, पण कोल्हापूरच्या मुलाला तो ब्रह्मपुरीवरून शिकवावा. आणि प्रत्येक गांवीं मास्तर आहे. त्याला नाण्यांच्या ठळक खुणांचा एक छापील तक्ता द्यावा. त्यावर धनुष्य-बाण, कठड्यांतलें झाड, टेकडीची खूण एवढीं चित्रें असलीं तरी पुरे. शाहू महाराजांनीं 1917 सालीं या संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें, तें कुणब्याच्या पोराला नुसती सही करतां यावी म्हणून खास नव्हे.

उरलेल्या त्या दोन चकत्या मीं अर्ज लिहून शेतकऱ्याच्या सहीनें एका कचेरींत जमा केल्या. कारकुनानें वजन विचारलें, त्यावर काय आहे तें विचारलें नाहीं. पोहोच मिळाली, ती शेतकऱ्याच्या देव्हाऱ्यांत ठेवलेली आहे. जाळेवाला गडी मात्र चटकन समजला. त्याच्या जाळ्याची एक गोळी अर्धवटच वितळली होती. तिच्यावर चार अक्षरें दिसतात म्हणून ती तोडून घेऊन तो परवां रात्रीं माझ्या घरीं आला. कंदिलाजवळ धरून आम्हीं दोघांनीं पुष्कळ वेळ पाहिलें. ‘कुरस’ एवढें मला वाचतां आलें. तिचाही अर्ज लिहून ठेवला आहे. पुढली नांगरट सुरू होण्यापूर्वीं शाळेच्या बाहेरच्या फळ्यावर मी तें धनुष्य मोठें करून काढणार आहें, आणि खालीं लिहिणार आहें कीं असें कांहीं मिळालें तर ठेचूं नये, आधीं शाळेंत दाखवावें.